न वाचला जाणारा अलिफ

जमालच्या ट्रेलरखाली तुळशीराम आला ते साल २००८. मे महिना, दुपारचे अडीच. बंदरातून कंटेनर घेऊन जमाल गोवा हायवेने महाडकडे निघाला होता. कर्नाळ्याचा चढ लागायच्या आधी डाव्या हाताला एक पानटपरी होती, तिच्यापुढे शंभरेक पावलांवर हे झालं. तुळशीराम तिथल्याच पायथ्याच्या गावातला, पन्नाशीचा. आधी मिठागरात राबलेला, नंतर घरच्या वाडीतली भाजी हायवेवर बसून विकणारा. डोक्यावर काकड्यांची पाटी होती. जागच्या जागी गेला.

लोक जमले. पानटपरीवाला सगळ्यांच्या आधी पोचला आणि बोलायलाही त्यानेच सुरुवात केली. "मानूस एकदम आडवा आला. ड्रायव्हर काय करनार?" थोड्या वेळाने पोलीस आले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि जमालला विचारलं, "असंच झालं ना?"

जमालने मान हलवली.

त्या मान हलवण्याचं आधी पंचनाम्यात वाक्य झालं, मग जबाबात, आणि तीन वर्षांनी निकालपत्रात. मयत अचानक रस्त्यात आल्याने चालकास वाहन थांबवणे शक्य झाले नाही. २०११ च्या जुलैत जमाल निर्दोष सुटला. कोर्टाच्या आवारात वकिलाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

खरं काय झालं ते एकट्या जमालला ठाऊक होतं. पाण्याची बाटली सीटवरून घरंगळून क्लचच्या बाजूला गेली होती. ती उचलायला तो वाकला. वर बघेपर्यंत गाडी डावीकडे ओढली गेली होती. तुळशीराम आडवा आलाच नव्हता. तो रस्त्याच्या कडेने, मातीतून, आपल्या वाटेने चालला होता.

हे जमालने कुणालाही सांगितलं नाही. खोटंही तो काही बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, असं तो सुरुवातीला स्वतःला सांगायचा. पुढे तेही सांगेनासा झाला.

जमाल पनवेलचाच. दम्मामला अकरा वर्षं ट्रेलर चालवून २००४ साली घरी आला होता. अपघातानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. मेव्हणा फुजैल याचं मासेमारीची जाळी आणि दोरखंड विकायचं दुकान होतं. करंजा आणि उरणकडचे होडीवाले तिथे यायचे. जमाल त्या दुकानात बसू लागला. दोर मापून तोडायचा, गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचा. बायको जास्मीन आणि मुलगी हादिया यांच्याशी त्याहूनही कमी.

बाकीचा सगळा वेळ तो वाचायचा.

कलामे-पाक, म्हणजे कुराण, वाचायला तो लहानपणी मदरशात शिकला होता. अरबी अक्षरं बिनचूक उच्चारता यायची, अर्थ कळायचा नाही. अर्थासाठी ओळीखाली उर्दू तर्जुमा छापलेला असायचा, तो बोट ठेवून अडखळत वाचावा लागे. पहाटे फजरच्या नमाजनंतर दोन सिपारे, म्हणजे दोन भाग, संध्याकाळी एक. तीस सिपारे दहा दिवसांत संपायचे. संपले की लगेच पहिल्यापासून सुरू. जवळ एक पेन्सिल असायची. तर्जुम्यात आग, पकड, शिक्षा, निवाड्याचा दिवस असं काही आलं की तो समासात एक टिंब द्यायचा. रहमतीच्या, माफीच्या ओळी आल्या की बोट भरभर पुढे सरकायचं.

घरात त्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नसे. एकदा मैत्रिणीचा फोन आला आणि हादिया हसली, तर जमालने आतूनच असा काही आवाज टाकला की मुलगी दोन दिवस जेवायला त्याच्यासमोर बसली नाही. जास्मीनला वाटायचं, माणूस अल्लाहचं नाव घेतोय, त्यात वाईट काय म्हणायचं? पण तो ग्रंथ रहलीवर उघडून बसला की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची.

निकाल लागल्यावर हे थांबेल असं तिला वाटलं होतं. ते वाढलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जमाल दुकानात दोर मोजता मोजता चक्कर येऊन पडला. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि झोप किती होते असं विचारलं. जास्मीन म्हणाली, "होत नाही."

दवाखान्यातून परत येताना तिने रिक्षा घराकडे न नेता मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत वळवायला सांगितली. "तुम्हाला आवडणार नाही, पण मी टीचरकडे नेतेय."

टीचर म्हणजे सुगरा. सत्तरीची बाई. उर्दू शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. जास्मीनला अलिफ-बे तिनेच शिकवलं होतं. मोहल्ल्यात तिला मान होता, पण जरा हात राखून. धर्माच्या गोष्टीत ती आपल्याच मनाचं सांगते, असं मशिदीतली काही माणसं म्हणायची. ती स्वतः म्हणायची की माझं काहीच नाही, सगळं अब्बांचं आहे. तिचे वडील मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर तांडेल होते. लाँच धक्क्याला लागलेली असायची त्या वेळात ते वाचायचे. दिवसाला एक ओळ, कधी अर्धी.

दोघं गेली तेव्हा सुगरा ओटीवर सुपात जवळा निवडत बसली होती. तिने जास्मीनचं सगळं ऐकून घेतलं आणि जमालला म्हणाली, "उद्या तुझी प्रत घेऊन ये. चार वाजता. एकटा ये."

दुसऱ्या दिवशी जमालने जुजदानाच्या कापडातून प्रत काढून तिच्यासमोर ठेवली. सुगराने हात धुतले, पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि पानं उलटायला लागली. पान कुठलंही उघडलं तरी समासात पेन्सिलीची टिंबं.

"हे काय? पानाला देवी आल्यात काय?"

जमालने सांगितलं.

"आणि या ओळीला टिंब का नाही? इथे माफीचं लिहिलंय."

"ती माझ्यासाठी नाही, खाला."

"तुला कुणी सांगितलं? तुझ्या नावाचं पत्र आलं, तर त्यातला अर्धा मजकूर शेजाऱ्याचा कसा?"

सुगराने ती प्रत पुन्हा कापडात बांधली आणि आपल्या कपाटावर ठेवली. तिच्याकडे मोठ्या अक्षरांची एक जुनी प्रत होती, तर्जुमा नसलेली. ती उघडून तिने एका पानावर बोट ठेवलं. "महिनाभर हेच पान. रोज चारपासून असरच्या अजानपर्यंत. घरी वाचायचं नाही."

"एकच पान? पुण्य, सवाब..."

"सवाब तुझा माझ्याकडे जमा राहू दे. वाच."

तो वाचायला लागला. सवयीने जीभ पळाली आणि पान दीड मिनिटात संपलं. सुगरा जवळ्यातले खडे काढत म्हणाली, "आता आवाज न करता. नुसतं बघ."

ते त्याला जमेना. बघायला गेलं की जीभ आपोआप हलायची. चार-पाच दिवस त्याला वाटलं, ही बाई आपली चेष्टा करतेय. एकदा तो चिडून म्हणालाही, "खाला, मला यातलं कळत नाही म्हणून तर तर्जुमा वाचत होतो."

"तर्जुम्यात तू तुझी सजा शोधत होतास. सापडत होती, म्हणून पुन्हा पुन्हा जात होतास. यात काही शोधू नकोस. अक्षरं बघ. कुठलं कशाला जोडलंय, कुठलं सुटं आहे. तुझ्या दोरांसारखं."

हे त्याला समजलं. दोर त्याला कळत होते. तो अक्षरं बघू लागला. पंधराएक दिवसांनी सुगराने त्याला एक शब्द दाखवला. त्या पानावर तो तीनदा आला होता.

"याचा अर्थ, 'ते म्हणाले'. या ग्रंथात लोक फार बोलतात, जमाल. आम्हाला माहीत नव्हतं म्हणतात. आमचे बापजादे असंच करायचे म्हणतात. आम्ही नाही केलं म्हणतात. जिथे तिथे 'ते म्हणाले'. आता शब्दाचं शेवटचं अक्षर बघ."

"अलिफ."

"वाचतोस का?"

जमालने शब्द मनात उच्चारून पाहिला. "नाही. तो वाचत नाहीत. मदरशात असंच शिकवलंय. लिहितात, पण वाचत नाहीत."

"बरोबर शिकवलंय. अरबीचा कायदाच आहे तो, त्यात काही गूढ नाही. पण माझे अब्बा विचारायचे, वाचायचा नाही तर ठेवला कशाला? 'ते म्हणाले' या शब्दातच एक न म्हटलेलं अक्षर का? सुरात म्हणणारा कारी वाचतो, सगळं पाठ असलेला हाफिज वाचतो, या अक्षराला कुणी आवाज दिलेला नाही. तरी कुणी ते गाळतही नाही. गाळलं तर शब्द चुकला." तिने सूप बाजूला ठेवलं. "अब्बा सांगायचे, माणूस वाचतो ते आवाजापुरतं. ज्याने लिहिलंय तो सगळं वाचतो. प्रत्येकाच्या आत असा एक अलिफ असतो. तो तोंडातून निघत नाही. पण तो लिहिलेला आहे, आणि वाचलाही गेलाय. लोक काय म्हणाले, यावर तू बसून राहू नकोस."

हिला कळलं की काय, असं जमालला वाटलं. पण सुगराने नजर वर केली नाही. पुढे तिने काही विचारलंही नाही. अजान झाली आणि तो उठून गेला.

महिना संपला. सुगराने दुसरं पान दिलं, मग तिसरं. जमाल रोज चारला येत राहिला. कधी ती एखाद्या गोष्टीचा अर्थ सांगायची. एखाद्या जुलमी राजाची किंवा बुडालेल्या लोकांची गोष्ट असली की जमाल विचारायचा, "यात मी कोण?" तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "सगळे. राजा पण तू, दर्या पण तू, किनाऱ्यावर उभा राहून बघणारा पण तू. एकालाच धरून बसलास की ग्रंथ बंद झाला." त्याला हे पुरतं कळत नसे. पण ओटीवरून उठताना छातीतलं काहीतरी जरा सैल झालेलं असे. झोपही येऊ लागली, रोज नाही, पण येऊ लागली.

जे झालं ते २०१२ च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी. त्यात सांगण्यासारखं बाहेरून काहीच नव्हतं. जमाल ओटीवर बसून वाचत होता. सुगरा आत भाकऱ्या थापत होती. वाचता वाचता तो शब्द आला. जीभ अलिफ सोडून पुढे गेली आणि नजर तिथेच राहिली.

बराच वेळ राहिली. त्याला दिसलं की आपलं ते वाकणं, डावीकडे ओढली गेलेली गाडी, हललेली मान, हे सगळं वाचून झालेलं आहे. आज नाही, त्याच दिवशी, अडीच वाजता. वाचून झाल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळ झाली होती. श्वास चालू राहिला होता. ज्याच्यापासून चार वर्षं लपायचं होतं, त्याच्याच समोर रोज तीन सिपारे वाचत तो लपला होता. आता लपायला जागाच नाही हे कळलं, आणि भीती वाटायला हवी होती ती वाटली नाही. उलट, खूप दिवस मूठ आवळून ठेवावी आणि ती आवळलेली होती हे उघडताना कळावं, तसं काहीतरी झालं. शिक्षा टळली असं त्याला वाटलं नाही. शिक्षा आणि माफी, त्याने टिंब दिलेल्या ओळी आणि सोडलेल्या ओळी, सगळ्या एकाच हातच्या होत्या आणि तो हात त्याला ओळखत होता, एवढंच.

रडू आलं नाही. भूक लागली. तो आत डोकावून म्हणाला, "खाला, एक भाकरी द्याल?"

त्याने जवळ्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाणी प्याला. मग चुलीजवळच बसून त्याने सुगराला सगळं सांगितलं. बाटलीपासून मान हलवण्यापर्यंत.

सुगराने तवा उतरवला. मग म्हणाली, "त्याच्या घरी कोण आहे?"

"बायको आहे. भामा नाव. कोर्टात बघितली होती. एक मुलगा आहे."

"त्यांना हे माहीत नाही."

"नाही."

"मग हे अक्षर तुझं एकट्याचं नाही. त्यांचं पण आहे."

जमाल म्हणाला, "माफी मागायला जाऊ?"

"माफी मागायला जाणार असशील तर जाऊ नकोस. चार वर्षांपूर्वी त्यांचं एक माणूस घेतलंस, आता पुन्हा हात पसरून काय मागतोस? त्यांची वस्तू तुझ्याकडे राहिलीय. ती देऊन ये. मग ते काय करायचं ते करतील."

त्याने घरी जास्मीनला आधी सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. पहिल्यांदा तिने विचारलं, "चार वर्षं तुम्ही हे माझ्यापासून..." आणि थांबली. मग म्हणाली, "कोर्टाने सोडलंय तुम्हाला. हादियाला बघायला माणसं यायची वेळ आली. लोकांना काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"आणि त्यांनी मारलं तर?"

जमाल त्या रविवारी एकटाच एसटीने गेला.

गाव हायवेपासून आत, दहा मिनिटांच्या चालीवर होतं. भामाचं घर नव्याने बांधलेलं, पुढे पत्र्याची पडवी. भामा पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. तिने त्याला लगेच ओळखलं नाही. "कोन पायजे?"

"मी जमाल. पनवेलचा. ट्रेलरवाला."

तिचा हात थांबला. तिने पदर सारखा केला आणि पायरीकडे बोट दाखवलं. "बसा."

जमाल पायरीवर बसला. येताना जुळवलेली वाक्यं त्याला आठवली नाहीत. त्याने सरळ सांगितलं. "ते आडवे आले नव्हते. ते बाजूने मातीतून चालले होते. मी बाटली उचलायला खाली वाकलो होतो. गाडी माझ्यामुळे त्यांच्या अंगावर गेली. पानवाला बोलला ते खोटं होतं आणि मी मान हलवली."

भामा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं ते जमालच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हंजे ते आपन होऊन नाय आले गारीखाली?"

"नाही."

"नक्की?"

"त्यांची पाठ माझ्याकडे होती. गाडी येतेय हेही त्यांना कळलं नसेल."

भामाच्या मांडीवरचं ताट सरकलं आणि शेंगा पडवीत पसरल्या. ती खाली बघून बोलू लागली, जमालशी कमी, स्वतःशी जास्त. "त्या दिशी सकाली आमचा झगडा झाला व्हता. मी बोलले, तुमी मेलाव तरी मना काय फरक नाय. असंच बोलले. ते पाटी उचलून गेले, जेवले पन नाय. मंग लोकांनी सांगितला का एकदम आडवे झाले. कोन बोलला दारू पिऊन व्हते. मना म्हाईत, ते पीत नवते. मंग मी काय समजू? चार वर्सं मी हेच समजते का माझ्या बोलन्यानं गेले."

जमाल ऐकत बसला. आपण एकटेच हे वाहतोय असं तो समजत होता. त्याच्या एका मान हलवण्याने या बाईच्या डोक्यावर काय ठेवलं होतं, ते त्याला आता कळत होतं. याला कुठल्या ओळीसमोर टिंब द्यायचं, असा विचार पूर्वी आला असता. तो आला नाही. तो नुसता ऐकत राहिला, आणि ते ऐकणं जड होतं.

भामा रडली. पण तिने त्याला जा म्हटलं नाही.

इतक्यात मुलगा आला. प्रितम, पंचविशीचा. खारघरला एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर होता. आईचा चेहरा बघून त्याने बाइक तशीच आडवी टाकली. भामाने त्याला दोन-तीन वाक्यांत सांगितलं. प्रितमने जमालला दंडाला धरून उठवलं.

"चल पोलीस स्टेशनला."

"चला," जमाल म्हणाला.

तो इतक्या सहज तयार झाला, हे प्रितमला जास्तच झोंबलं. त्याने ओळखीच्या वकिलाला फोन लावला. फोन बराच वेळ चालला. निकाल लागून गेलेला, अपिलाची मुदत उलटलेली, त्याच गुन्ह्यासाठी माणसाला पुन्हा उभं करता येत नाही, असं काहीतरी वकील सांगत होता. प्रितमने फोन खिशात टाकला आणि पडवीतल्या खांबावर मूठ मारली.

"म्हणजे याला काहीच होणार नाही?"

थोड्या वेळाने भामा म्हणाली, "गावात सांगाल?"

"काय?" जमालने विचारलं.

"आता मना सांगितला ते. लोक बोलतान ते पिऊन व्हते. माझे मानसाचा नाव खराब झालाय. तुमी सांगा."

त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गावदेवीच्या देवळापुढच्या मांडवात प्रितमने माणसं गोळा केली. साठ-सत्तर जण असतील. गावातल्या जमिनी नुकत्याच बिल्डरांकडे गेल्या होत्या. कुणी स्कॉर्पिओतून उतरलं, कुणी खांद्यावर फावडं घेऊन आलं. जमाल उभा राहिला आणि सकाळचंच पुन्हा सांगितलं. शब्द तेच होते. "तुळशीराम प्यायलेले नव्हते. ते कडेने चालले होते. चूक माझी."

मागून कुणीतरी शिवी दिली. एकजण पुढे येऊन त्याची कॉलर धरून हिसडे देऊ लागला. शर्टाची दोन बटणं तुटली. जमालने हात वर केला नाही. शेवटी प्रितमनेच मध्ये पडून त्या माणसाला बाजूला केलं. "तो आपल्या पायांनी आलाय," प्रितम म्हणाला. त्याच्या आवाजात जमालबद्दल काहीही चांगलं नव्हतं. तरी तो त्याला हायवेपर्यंत सोडायला आला.

घरी जास्मीनने तुटकी बटणं बघितली आणि शर्ट शिवायला घेतला. आठवडाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. नंतर एका सकाळी तिने विचारलं, "त्या बाईला मूल एकच?" आणि जमालने भामाचं सगळं सांगितलं. झगड्याचंही. जास्मीन ऐकून बराच वेळ तांदूळ नुसतेच चाळत राहिली.

गोष्ट पनवेलमध्येही पसरली. दुकानात येणारे काहीजण जमालकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. एकाने तोंडावर विचारलं, "सुटला होतास ना? मग कशाला उकरून काढलंस?" मशिदीत कुणी म्हणालं, सुगराने याचं डोकं फिरवलं. हादियासाठी आलेलं एक स्थळ मागे हटलं. दोन वर्षांनी दुसरं आलं, तिचं लग्न झालं. तो मुलगा तौसीफ याला लग्नाआधी सगळं सांगायचं, हा हादियाचाच आग्रह होता.

जमालचा रक्तदाब पुढेही राहिला, गोळी चालूच. मे महिन्यात दुपारच्या वेळी कधी कधी हात थंड पडायचे. झालेलं झालेलं नाही असं त्याला कधी वाटलं नाही. पण तो घरात बोलायला लागला होता. कुणी हसलं तर त्याला त्रास होत नसे. लोकांनी विचारलं की मनाला शांती मिळाली का, तर तो जरा विचार करून म्हणायचा, "मिळाली म्हणजे काय? मी आता पळत नाही."

सुगराकडे तो जात राहिला. गावात काय झालं हे तिला सांगितलं तेव्हा तिने भामाच्या झगड्याचं तेवढं दोनदा विचारून घेतलं, आणि म्हणाली, "बघ, तिची वस्तू होती." मग नेहमीसारखं पान उघडून दिलं. कपाटावर ठेवलेली टिंबांची प्रत तिने त्याला परत दिली तेव्हा २०१३ उजाडलं होतं. जमालने खोडरबर आणलं नाही. टिंबं दिलेल्या आणि न दिलेल्या ओळी तो सारख्याच संथपणे वाचतो. दिवसाला अर्धं पान होतं. या गतीने तीसही सिपारे संपून एक खतम व्हायला बरीच वर्षं लागतील, असं जास्मीन एकदा म्हणाली. तो म्हणाला, "लागू दे."

भामाने त्याला माफ केलं का, हे त्याला माहीत नाही. तिने तसं कधी म्हटलं नाही, त्याने विचारलं नाही. २०१४ च्या डिसेंबरात तो पनवेलच्या एसटी स्टँडवर उभा होता, पेणला जायचं होतं. समोरून भामा आली. बरोबर नवी सून होती, दिपिका, हातात दोन जड पिशव्या. भामाने त्याला बघितलं आणि थांबली.

"बरा हाय ना?" तिने विचारलं.

"बरं आहे. तुम्ही?"

"चाललाय."

सून दोघांकडे बघत होती. "आई, हे कोण?"

भामाने पदर सारखा केला. "हे जमालभाय. पनवेलचे. ओलखीचे हायत."

पेणची बस लागली, भामाच्या गावच्या फाट्यावरून जाणारी. दिपिका आधी चढली. जमालने एक पिशवी उचलून वर दिली. भामाने ती घेतली, आत जाऊन खिडकीजवळची जागा धरली, आणि बाकावर तिसरी जागा व्हावी म्हणून सुनेला आपल्याकडे सरकायला सांगितलं.